अकरा महिन्यांचं घर

भाड्याचं घर शोधायला निघालेला माणूस एजंटला पहिला प्रश्न विचारतो तो भाड्याचा. "वन बीएचकेचं काय चाललंय सध्या?" प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. मुंबईच्या उपनगरांत भाडं हा या व्यवहारातला सगळ्यांत सरळ आकडा. घर परवडतं की नाही हे ठरतं ते दुसऱ्याच आकड्यांवर.

उदाहरणापुरतं असं धरा, की महिना पंचवीस हजार भाड्याचं घर ठरलं. मालकानं डिपॉझिट मागितलं एक लाख. एजंटची दलाली एका महिन्याचं भाडं, म्हणजे आणखी पंचवीस हजार. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. कराराचा खर्च, टेम्पो, हमाल, गॅसची नळी, पंखे बसवणारा इलेक्ट्रिशियन. घरात पहिला कप चहा होईपर्यंत दीड लाखाच्या वर रक्कम गेलेली असते. त्यातला लाख परत मिळणारा आहे, हे खरं. पण कधी? जुन्या घराचं डिपॉझिट मिळतं चावी दिल्यावर आणि नव्या घराची चावी मिळते डिपॉझिट दिल्यावर. म्हणजे मधले काही दिवस दोन्ही डिपॉझिटांचे पैसे एकाच माणसाकडे असावे लागतात. ज्या घरात महिन्याकाठी चार-पाच हजार मागे पडतात, त्या घरानं हे पैसे आणायचे कुठून? कुणी बहिणीच्या बांगड्या गहाण ठेवतं, कुणी ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढतं. भाडं परवडत असूनही घर न परवडणारी माणसं असतात, ती इथं.

मी मुलुंड पूर्वेला एका सहकारी सोसायटीची सचिव आहे. त्याआधी, १९९६ पासून सतरा वर्षं, आम्ही भाड्याच्या घरांत काढली. घाटकोपरची भटवाडी, अंधेरीचं मरोळ, मग बोरिवलीची गोराई. त्यामुळे हा व्यवहार घेणाऱ्याच्या बाजूनंही पाहिला आणि आता देणाऱ्यांच्या अर्जांवर सह्या करतानाही पाहते आहे. सोसायटीच्या ऑफिसात बसल्यावर लक्षात येतं, की बहुतेक लोक घराच्या फरशा बघतात, खिडक्या बघतात, आणि ज्या कागदावर आपले लाखभर रुपये अवलंबून आहेत तो कागद शेवटच्या पानावर सही करण्यापुरता बघतात. म्हणून आज मुख्यतः त्या कागदाविषयी बोलायचं आहे.

पण त्याआधी घर कुठं बघावं याविषयी थोडं. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं आणि रिक्षानं वीस मिनिटं, या दोन अंतरांत भाड्याचा मोठा फरक पडतो हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. मात्र रिक्षाचे महिन्याचे पैसे भाड्यात मिळवून मगच तुलना करावी. घरातली दोन माणसं रोज शेअर रिक्षानं जाणार असतील, तर 'स्वस्त' घराचा स्वस्तपणा बराचसा तिथंच संपतो. मेट्रोनं ही गणितं बदलली. जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग सुरू झाला आणि असल्फा, साकीनाका, मरोळ ही आडबाजूची वाटणारी ठिकाणं एकदम मध्यावर आली. २०२२-२३ मध्ये दहिसर-अंधेरीचे दोन मार्ग सुरू झाले, तेव्हा बोरिवली-कांदिवलीच्या पट्ट्यातही तेच झालं. सोय आली की तिच्या मागोमाग भाडं चढतं.

गोराई आणि चारकोपबद्दल मला मुद्दाम सांगायचंय. ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीनं म्हाडानं तिथं एक वेगळा प्रयोग केला. तयार घरं न देता छोटे छोटे आखलेले भूखंड, पाणी, गटारं आणि रस्ते दिले. भोवती बैठी घरं आणि मध्ये सामाईक अंगण अशा लहान लहान सोसायट्या तयार झाल्या. ज्याला जसे पैसे जमले तसं त्यानं बांधलं. पुढं मुलं मोठी झाली, वर मजला चढला, आणि तो मजला भाड्यानं जायला लागला. पत्ते अजूनही सेक्टर आणि आरएससी रोडच्या नंबरांवर चालतात, नवा माणूस हमखास चुकतो. आम्ही अशाच एका वरच्या मजल्यावर सहा वर्षं राहिलो. लोखंडी जिना उभा, उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पण खाली मालकीणबाई स्वतः राहत होत्या. मालक त्याच घरात राहत असेल तर भाडेकरूला थोडी कुरकुर ऐकावी लागते, पण नळ गळाला तर त्याच दिवशी प्लंबर येतो. परदेशी राहणाऱ्या मालकाच्या चकचकीत फ्लॅटमध्ये तेवढ्यासाठी पंधरा ई-मेल लिहावे लागतात. मला विचाराल तर मी पहिलीच सोय घेईन.

घर शक्य असेल तर पावसाळ्यात बघावं. जुलैमध्ये ज्या भिंतीला ओल नाही, ती भिंत खरी. नुकताच रंग दिलेलं घर जूनच्या आधी दाखवलं जात असेल, तर कपाटामागं हात लावून बघावा. पाण्याची वेळ विचारावी, कारण महापालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं आणि टाकी लहान असली तर वरच्या मजल्याचे हाल होतात. विजेचं बिलही बघावं. मुलुंड-भांडुपला महावितरणची वीज आहे, अंधेरी-बोरिवलीला अदानी किंवा टाटाची. दर वेगळे आहेत. मागच्या भाडेकरूची थकबाकी आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून मीटरचं रीडिंग पहिल्या दिवशी लिहून घ्यावं.

गेल्या काही वर्षांत भाडी वाढण्याचं आणखी एक कारण झालंय, ते म्हणजे पुनर्विकास. घाटकोपरचं पंतनगर घ्या, मुलुंड घ्या, बोरिवली घ्या, जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. इमारत रिकामी होते तेव्हा प्रत्येक फ्लॅटमालकाला विकासक दरमहा पर्यायी जागेचं भाडं देतो. मुलांची शाळा तिथंच, दवाखाना तिथंच, म्हणून ही सगळी कुटुंबं त्याच भागात घर शोधतात. एका इमारतीतली चाळीस कुटुंबं एकाच महिन्यात बाजारात उतरली तर काय होणार? आणि त्यांचं भाडं विकासकाच्या चेकनं येतं, तुमचं तुमच्या पगारातून. शिवाय त्या पडलेल्या इमारतीत जे भाड्यानं राहत होते, त्यांना पर्यायी भाडं मिळत नाही. ते मालकाला मिळतं. भाडेकरूला फक्त नोटीस मिळते. म्हणून जुन्या इमारतीत घर घेताना पुनर्विकासाची बोलणी कुठवर आली आहेत, हे सोसायटीच्या ऑफिसात जाऊन विचारायला अजिबात संकोच करू नये. मला कुणी विचारलं तर मी सांगते.

आता कागदाकडे वळू. आपण बोलताना 'भाडेकरार' म्हणतो, पण त्या कागदाच्या डोक्यावर बहुधा 'लीव्ह अँड लायसन्स' असं लिहिलेलं असतं. इथं लीव्ह म्हणजे अनुमती आणि लायसन्स म्हणजे परवाना. या करारानं तुम्ही कायद्याच्या दृष्टीनं भाडेकरू होतच नाही. मालकाच्या घरात ठरावीक काळ राहण्याचा परवाना तुम्हाला मिळालेला असतो. हा शब्दांचा खेळ वाटेल, पण त्यामागं मुंबईचा ऐंशी वर्षांचा इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसं वाढली, त्या मानानं घरं वाढली नाहीत. भाडी भडकू नयेत म्हणून सरकारनं बंधनं आणली, आणि १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं ती पक्की केली. जुन्या घरांचं भाडं १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं त्याला बांधलं गेलं. भाडेकरूला घराबाहेर काढणं जवळजवळ अशक्य झालं. त्या वेळी ते गरजेचंच होतं. पण पुढच्या पन्नास वर्षांत रुपयाचं मोल कुठल्या कुठं गेलं आणि भाडं तिथंच राहिलं. मालकांनी दुरुस्ती सोडली, आणि घर हातोहात बदलताना पागडीची रक्कम उघड-छुपी फिरू लागली. गिरगाव-दादरच्या चाळींची गोष्ट आपल्याला माहीत आहे.

उपनगरांत तेव्हा मालकीच्या फ्लॅटच्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. तिथल्या मालकांनी वाट काढली, भाडेकरू ठेवायचाच नाही, परवानाधारक ठेवायचा. मग १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे परवान्यावर राहत होते त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. एका रात्रीत परवानाधारकाचा भाडेकरू झाला! ज्यांना घर मिळालं त्यांना आनंद झाला असणार, पण मालकवर्गानं याची जी धास्ती घेतली ती पुढची पंचवीस वर्षं गेली नाही. आज परवाना दिला आणि उद्या सरकारनं पुन्हा तारीख जाहीर केली तर?

ती धास्ती मी स्वतः पाहिली आहे. आमच्या भटवाडीच्या पहिल्या घरी दारावर आमच्या नावाची पाटी लावायला मनाई होती. त्या पत्त्यावर रेशनकार्ड काढायचं नाही, टेलिफोन घ्यायचा नाही, पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर मागवायची. मालक माणूस चांगला होता, दिवाळीला फराळ पाठवायचा. पण आमच्या नावाचा एकही पुरावा त्या घराला चिकटू नये याची त्यानं चोख काळजी घेतली होती. अनेकांनी तर घरं कुलूप लावून ठेवणंच पसंत केलं. ती सवय अजून मोडलेली नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी आढळली होती. सगळी या एकाच कारणानं रिकामी होती असं नव्हे, गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेलीही त्यात खूप असतात. तरी धास्तीचा वाटा मोठा आहे.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोठवलेल्या भाड्याची तरतूद आता अवाजवी झाली आहे असं म्हटलं. त्यानंतर राज्यानं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ केला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि आपले आजचे करार त्याच्याच आधारानं होतात. मालकाची धास्ती घालवण्यासाठी या कायद्याच्या २४ व्या कलमात सोय केली आहे. परवान्याची मुदत संपली की परवानाधारकानं घर सोडायचं. नाही सोडलं, तर मालकानं नेहमीच्या कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालण्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. नोटीस मिळाल्यावर बाजू मांडण्याची परवानगी राहणाऱ्यानं ३० दिवसांत मागायची, नाही तर आदेश होतो. आणि मुदतीनंतर जितके दिवस घर अडवलं तितक्या दिवसांचं भाडं दुप्पट दरानं भरायचं.

मालकाला हे हवंच होतं आणि मला ते रास्तही वाटतं. मुदतीवर घर परत मिळेल या खात्रीमुळेच तर उपनगरांत आज भाड्याची घरं मिळतात. पण या कायद्यात एक ५५ वं कलमही आहे. ते भाडेकरूच्या फायद्याचं आहे आणि नेमकं तेच भाडेकरूंना माहीत नसतं.

हे कलम सांगतं, की करार लेखी झालाच पाहिजे आणि त्याची नोंदणी झालीच पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. त्यानं ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल तर घर कुठल्या अटींवर दिलं होतं याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं मालकावर. म्हणजे नोंदणी टाळून मालक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. एखादा मालक म्हणाला, "नोंदणी कशाला, उगाच खर्च," तर त्याला हे कलम शांतपणे समजावून सांगा. तुमच्यासाठी नाही पटलं, तरी स्वतःसाठी पटतं.

इथं दोन गैरसमज घट्ट बसलेले आहेत. पहिला अकरा महिन्यांचा. १९०८ च्या देशव्यापी नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून वर्षाच्या आत राहण्यासाठी अकरा महिन्यांची युक्ती निघाली. महाराष्ट्रात तिचा आता काही उपयोग नाही. अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, नोंदणी लागतेच. तरीही आपण अकरा महिन्यांचेच करार करतो, जुन्या सवयीनं. दुसरा गैरसमज नोटरीचा. वकिलाच्या टेबलावर लाल शिक्का मारून मिळालेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी फक्त सही कुणी केली त्याची साक्ष देतो.

आणि खर्च म्हणाल तर तो घाबरण्यासारखा नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. कशावर? संपूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दरानं धरलेलं व्याज, या बेरजेवर. आपलं मघाचं उदाहरण घेऊ. अकरा महिन्यांचं भाडं २ लाख ७५ हजार, लाखभर डिपॉझिटवर अकरा महिन्यांचं व्याज सुमारे ९,२००. बेरजेचा पाव टक्का म्हणजे सातशे दहा रुपयांच्या आसपास. नोंदणी शुल्क मुंबईत एक हजार. झाले सतराशे रुपये, आणि बहुतेक ठिकाणी ते दोघं निम्मे निम्मे देतात. आता तर आधार आणि अंगठ्याचा ठसा वापरून घरबसल्या नोंदणी होते. एजंट या कामाचे वेगळे पैसे घेतो ते घेऊ द्या, पण सरकारी शुल्क किती आणि त्याचे किती, हे वेगवेगळं लिहून मागा.

डिपॉझिटवरचं हे व्याज धरण्यामागंही कारण आहे. 'हेवी डिपॉझिट' नावाचा प्रकार तुम्ही ऐकला असेल. आठ-दहा लाख एकरकमी द्यायचे आणि भाडं नाममात्र किंवा शून्य. गावाकडची जमीन विकून किंवा निवृत्तीच्या पैशांतून काही कुटुंबं असं घर घेतात, दरमहाची कटकट नको म्हणून. मालक ते पैसे धंद्यात घालतो. धंदा बसला, किंवा घरावर बँकेचं कर्ज आहे असं नंतर कळलं, की ते दहा लाख अडकतात. अशा दोन कुटुंबांची फरफट मी जवळून पाहिली आहे. ज्याला एवढी रक्कम बुडाली तर झेपणार नाही, त्यानं या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

करारात काय लिहून घ्यावं? मालक खरोखर मालक आहे याची खात्री आधी. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, चालू महिन्याचं मेंटेनन्सचं बिल आणि विजेचं बिल, तिन्हींवर एकच नाव हवं. मालकाऐवजी भाऊ किंवा जावई सही करणार असेल तर कुलमुखत्यारपत्र बघावं. मग नोटीस. दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस असावी. छापील मसुद्यात पुष्कळदा मालकाला एक महिना आणि भाडेकरूला मात्र सहा महिने घर सोडायची बंदी असं असतं. नोकरीत बदली झाली तर काय करणार? तेही बोलून घ्यावं. मेंटेनन्स कोण भरणार, रंगाचे पैसे घर सोडताना कापणार का, दुरुस्ती किती रुपयांपर्यंत भाडेकरूची, हे सगळं आकड्यांत यावं. 'वाजवी झीज' असा गोल शब्द मसुद्यात असला की शेवटच्या दिवशी त्याचे दोन अर्थ निघतात. भाडं बँकेतूनच द्यावं. आयकरात घरभाड्याची सवलत घेणाऱ्याला वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅनही लागतो, तो करारातच लिहून घेतला की मार्चमध्ये विनवण्या कराव्या लागत नाहीत. आणि अकरा महिन्यांचाच आग्रह कशाला? मुलं शाळेत असतील तर तीन वर्षांचा करार मागा, दरवर्षीची वाढ आधीच ठरवून. साठ महिन्यांपर्यंत परवाना देता येतो. पुष्कळ मालक तयार होतात, त्यांनाही दरवर्षी नवा माणूस शोधायचा कंटाळा असतो. दरवर्षीच्या दलालीतून दोघंही सुटतात. एजंट मात्र हे आपणहून सुचवणार नाही.

सोसायटीचा भाग थोडक्यात सांगते. फ्लॅट भाड्यानं दिला की सोसायटी मालकाकडून ना-वापर शुल्क घेते. ते किती असावं याला पूर्वी धरबंध नव्हता. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानं ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच ठेवलं. त्यामुळे "सोसायटी फार पैसे घेते, म्हणून भाडं जास्त" असं मालक म्हणाला तर बिल दाखवायला सांगा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणं हे मालकाचं काम, ते ऑनलाइनही होतं. त्याची आणि कराराची प्रत सोसायटीला द्यायची.

राहिला प्रश्न कुणाला घर द्यायचं आणि कुणाला नाही याचा. एकट्या मुली नकोत, एकटे मुलगे नकोत, मांसाहारी नकोत, अमुक धर्माचे नकोत. २०२३ मध्ये मुलुंडला मराठी माणसाला जागा नाकारल्यावरून केवढा गदारोळ झाला होता! तेव्हा जे तावातावानं बोलत होते, त्यांतल्या काहींच्या स्वतःच्या इमारतींत 'बॅचलर्सना प्रवेश नाही' असा ठराव आहे. आमच्या कमिटीतही हा विषय दोनदा आला. मी दोन्ही वेळा विरोधात मत दिलं, एकदा जिंकले, एकदा हरले.

आमच्या ओळखीतलं एक मराठी कुटुंब ॲमस्टरडॅमजवळ ॲमस्टलवेनला राहतं. तिथली पद्धत त्यांच्याकडून ऐकली तेव्हा नवल वाटलं. नेदरलँड्समध्ये घराला गुण देतात. खोल्यांचं क्षेत्रफळ किती, घर ऊब किती राखतं, सोयी कोणत्या, यांची बेरीज करायची आणि त्या गुणांवर जास्तीत जास्त भाडं ठरतं. १ जुलै २०२४ पासून ही पद्धत मध्यम भाड्याच्या घरांनाही लागू झाली. भाडं जास्त वाटलं तर भाडे-आयोगाकडे जाता येतं. करारही आता सर्वसाधारणपणे बेमुदत असतो. तिथं सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. गृहनिर्माण संस्थांच्या स्वस्त घरांसाठी ॲमस्टरडॅममध्ये वर्षानुवर्षं रांग आहे, आणि खासगी घरं मिळणं अधिकाधिक अवघड झालंय. पण एक गोष्ट मला घेण्यासारखी वाटली. जुलै २०२३ पासून तिथं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ते किती दिवसांत परत करायचं हेही कायद्यानं ठरवलंय.

आपल्याकडे केंद्र सरकारनं जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यातही राहत्या घरासाठी दोन महिन्यांचीच मर्यादा आहे. तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोपवलेलं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात परवान्याच्या डिपॉझिटला अशी मर्यादा नाही. आणि यातली खरी अडचण अशी, की मुदत संपल्यावर घर परत मिळवायला मालकाला झटपट वाट दिलेली आहे, पण डिपॉझिट परत मिळवायला भाडेकरूला तशी वाट नाही. त्यानं दिवाणी दावा लावायचा. चाळीस हजारांसाठी कोण दावा लावतं? हे मालकांनाही पक्कं ठाऊक असतं. घराचा ताबा आणि घराचं डिपॉझिट, दोन्हींचा निकाल एकाच प्राधिकाऱ्यानं एकाच वेळी द्यावा, एवढी दुरुस्ती झाली तरी उपनगरांतल्या हजारो कुटुंबांचा घोर कमी होईल.

तोवर आपली काळजी आपणच घ्यायची. चावी घेताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवावेत, म्हणजे तारीख लागते. फुटकी टाइल, सैल नळ, कपाटाची निखळलेली बिजागरी, सगळं. करारात असं वाक्य घालून घ्यावं, की रिकाम्या घराची चावी आणि डिपॉझिट यांची देवघेव एकाच वेळी होईल, आणि काही कापायचं असेल तर त्याचं बिल दाखवून. मालक याला तयार नसेल, तर निदान शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं होईल असं लिहून घ्यावं. त्यानं ती दोन डिपॉझिटांची कोंडी अर्धी तरी सुटते. घर सोडायच्या आठवडाभर आधी मालकाला घरी बोलवून एकत्र पाहणी करावी. विजेचं शेवटचं रीडिंग, गॅसचं बिल, सोसायटीचं येणं नाही असं पत्र, हे हाताशी ठेवावं. आमच्याकडे मालकाचं पत्र असल्याशिवाय वॉचमन सामानाचा टेम्पो गेटबाहेर सोडत नाही, पुष्कळ सोसायट्यांत हाच नियम आहे, तेव्हा ते पत्रही आदल्या दिवशीच घ्यावं. आणि करार संपायची तारीख महिनाअखेरची नसेल तर उत्तम. तीस आणि एकतीस तारखेला अर्धं उपनगर घर बदलत असतं, आणि टेम्पोवाले दुप्पट सांगतात.